अकरा गाठींची सुतळी

मागच्या हिवाळ्यात तुमच्या फोनवर एक फोटो आला होता. लोखंडी हुकाला टांगलेलं काळपट मांस आणि खाली ओळ : 'सुलैबियाच्या कोल्ड स्टोअरमधलं हे सडकं मांस कामगारांच्या ताटात जाणार आहे.' तो फोटो तुम्ही किती जणांना पुढे पाठवलात?

मला आकडा कळवू नका, मनातच मोजा. फोटो मी काढला होता आणि ओळही मीच लिहिली होती. ते मांस ज्याने टांगलं होतं तो भिवामामा तीन आठवड्यांपूर्वी गेला. आता थोडा वेळ मी त्याच्याशी बोलणार आहे. तुम्ही ऐकत राहा, शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

मामा, तू माझा सख्खा मामा नव्हतास. तू आणि आई सिंधुदुर्गातल्या एकाच वाडीतले, तेवढ्यावर नातं लागलं. इथे आखातात आई जहराच्या दवाखान्यात नर्स, मी तिथेच प्रयोगशाळेत, आणि तू सुलैबियाच्या कोल्ड स्टोअरमध्ये मांस कापणारा. दर शुक्रवारी तू आमच्याकडे जेवायला यायचास. दारात चपला काढतानाच विचारायचास, "आज पयला भांडण की जेवण?"

"भांडण," मी म्हणायची.

"आधी हात धुवा दोघं," आई स्वयंपाकघरातून म्हणायची.

तुला माझ्याशी भांडायला आवडायचं, कारण माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत तयार असायचं. त्यात माझा दोष थोडा आहे. आमच्या रत्नागिरीच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. माझे वडील, अण्णा, कामगार संघटनेची पत्रकं छापायचे, मी ती घडी घालायची. 'बंधू-भगिनींनो' हा मी स्वतः वाचलेला पहिला लांबलचक शब्द. पत्रकात 'कदाचित' लिहायचं नसतं, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. तू मात्र बोलताना 'बघूया' म्हणायचास आणि खरंच बघायचास.

आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण हरणांवरून होतं. तुमच्या कफिलाचा, म्हणजे मालकाचा, जहराच्या पलीकडे मझरा आहे, शेतवाडी. तिथल्या कुंपणात त्याने हरणं पाळलेली. हिवाळ्यात पाहुणे आले की त्यांतली दोन-तीन गोळी घालून मारायची, आणि त्याला शिकार म्हणायचं. तुझ्याबरोबर काम करणारे रहीमभाई पडलेल्या जनावराच्या गळ्यावर सुरी फिरवायला जायचे, कारण ते काम मुसलमान माणसाचं. मग जनावर सुलैबियाला यायचं ते तुझ्या हातात.

मी म्हणाले होते, "कुंपणातलं जनावर मारायला बंदूक तरी कशाला? हजेरी घ्या आणि गोळी घाला."

तू हसलास. "तां माका पटता. ती काय पारध न्हय. पण बाय, मारल्यार मगे काय? तो जीव गेलो. आता तेका फुकट घालवचो?"

"मारायचंच नाही, हे उत्तर आहे."

"तां तू कफिलाक सांग. माझा काम मारल्यानंतरचा."

मला ही पळवाट वाटली. माझा राग जिथे संपायचा, तिथे तुझं काम सुरू व्हायचं. आणि मला वाटायचं की रागानंतर करण्यासारखं काही उरतच नाही.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी मी तुझा साखरेचा रिपोर्ट द्यायला कोल्ड स्टोअरवर आले. खरं कारण वेगळं होतं. थंड खोलीत काम करणाऱ्या सहा जणांना जॅकेटं मिळत नव्हती, स्वतःचे स्वेटर एकावर एक चढवून ते आत जायचे. त्यावर मला पत्रक लिहायचं होतं, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही अशी अण्णांची शिकवण. तू तुझा मफलर माझ्या कानांभोवती गुंडाळलास, आत नेलंस, आणि तेवढ्यात मुदीरची, म्हणजे मॅनेजरची, हाक आली म्हणून बाहेर गेलास.

मी एकटीच मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे एका हरणाचा पुढचा अर्धा भाग लटकत होता : मान, खांदे, फासळ्या. वरून काळा, सुकून कडक झालेला, कडेला जुनं चामडं वाटावं असा. वास मला ओळखू आला नाही. पंखा थेट त्यावर सोडलेला होता. मी रहीमभाईंना विचारलं, "ये किसके लिए है?"

"ये? ये मज़दूर लोगों का है, बेटी," ते म्हणाले.

मालकाच्या वाट्याच्या तंगड्या केव्हाच गेल्या होत्या. राहिलेलं हे काळं मांस मजुरांचं. मला आणखी काय हवं होतं? मी तीन फोटो काढले आणि तू परत यायच्या आत बाहेर पडले. तुला विचारलं नाही. विचारलं तर तू मालकाची बाजू घेशील अशी भीती वाटली. ही भीती मी तेव्हा तत्त्व समजत होते.

पत्रक त्याच संध्याकाळी गेलं. पाच परिच्छेद जॅकेटांवर, सगळे खरे. शेवटी मांसाचा फोटो, ती ओळ, आणि खाली : 'लिहिणारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते.' पाच परिच्छेद कुणी वाचले नाहीत. फोटो आणि ती ओळ कापून लोकांनी पुढे पाठवली. जहराच्या खोल्यांमधून, बकाल्यावरच्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, गप्पांमधून, मराठी ग्रुपांमधून ती फिरली. प्रयोगशाळेतली बाई सांगते म्हणजे तपासूनच सांगत असणार, असं लोक म्हणाले. मी काहीच तपासलं नव्हतं. त्या मांसाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पुढचं मला नंतर कळलं. कफील बदनामीला घाबरला. त्याच रात्री सगळं मांस फेकायला लावलं आणि मांस टांगणं कायमचं बंद केलं. फेकायचं काम तुझ्यावरच आलं. खांद्यावरून कचऱ्याच्या मोठ्या पेटीपर्यंत तूच नेलंस. दुसऱ्या दिवसापासून तुला थंड खोलीतून काढून बाहेरच्या धक्क्यावर खोकी उतरवायला लावलं. मेसमध्ये कुणीतरी ताट सरकवून म्हणालं, "भिवाभाई, आज का माल ताज़ा है ना?" आणि सगळे हसले.

त्या शुक्रवारी तू येणार नाहीस असं आईला वाटलं होतं. तू आलास. चपला काढल्यास. भांडणाबद्दल विचारलं नाहीस. टेबलावर एक सुतळी ठेवलीस, वीतभर लांब, मांसाच्या वासाची.

"मोज," म्हणालास.

मी गाठी मोजल्या. अकरा होत्या.

"कागदाचा लेबल थय दोन दिसांत भिजता," तू म्हणालास. "म्हणान गाठ. रोज सकाळी एक. बापाशीन शिकवलेला. मान नि खांदो कठीण, तेका दिस जास्ती होये. मालकाक घाई होती, तेणी आपलो वाटो सातव्या दिसाक नेलो. आमच्या वाट्याक मी अकरा दिले."

मी म्हणाले, "पण ते काळं पडलं होतं, मामा."

"तू हात लावन बघलंस?"

"नाही."

"वास घेतलंस? लांबसून न्हय. हाडाकडे नाक नेऊन?"

"नाही."

"मगे काय बघलंस?"

मी सुतळी परत हातात घेतली आणि गाठी पुन्हा मोजल्या.

मग तू जेवता जेवता सगळं सांगितलंस, आवाज न चढवता, आणि मला तेच सहन होत नव्हतं. जनावर आलं की पहिल्यांदा आतून साफ झालंय का ते बघायचं. पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण ओलं राहिलं की बिघडतं. छाती काठीने उघडी धरायची, आतपर्यंत हवा गेली पाहिजे. दोन जनावरं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. खोली गोठवायची नाही, नुसती गार ठेवायची. पंखा चालू. मग वरून साल धरते, काळी, कडक. ती साल आतल्या मांसाची राखण करते. शेवटी ती पातळ सुरीने सोलून टाकायची की खाली मऊ, लाल मांस. बिघडलेलं चिकट लागतं, हिरवट दिसतं आणि त्याचा आंबूस वास नाकात बसतो. चांगल्याचा वास भिजवलेल्या मातीसारखा. रोज सकाळी तू मांडीच्या आणि खांद्याच्या हाडाजवळ नाक नेऊन बघायचास, आणि खात्री पटली तरच गाठ मारायचास. म्हणजे ती प्रत्येक गाठ दिवस मोजण्यासाठी होती, तशी तुझी सहीसुद्धा होती.

मी म्हणाले, "मी उद्याच दुरुस्ती लिहिते."

तू भात कालवत म्हणालास, "लिवशीत तेव्हा लिव. पण आधी शिक."

पुढच्या शुक्रवारी बोकडाची तंगडी घेऊन आलास. आईच्या फ्रिजमधला एक अख्खा कप्पा रिकामा करून ती जाळीवर ठेवलीस, सुतळी बांधलीस आणि गाठ मारायचं काम मला दिलंस. आई म्हणाली, "माझं दही कुठे ठेवू? तुमच्या शाळेपायी मी भुकेली राहीन." तिसऱ्या दिवशी मी तुला फोन करून म्हटलं की दवाखान्यातून कापूस-काडी आणून जंतू तपासते. तू इतका हसलास की तुला ठसका लागला. "अगो, तुझा नाक खंय गेला? तां फुकट आसा."

पाचव्या दिवशी मी फ्रिजमध्ये डोकं घालून हाडाजवळ नाक नेलं, आणि मला तो वास आला, ओल्या मातीचा. सात वर्षं मी प्रयोगशाळेत नमुने हाताळते आहे, पण स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवून मी एखादी गोष्ट चांगली आहे असं पहिल्यांदा ठरवलं ते त्या दिवशी. तू ती तंगडी शिजवलीस. आईने दोनदा वाढून घेतलं आणि दह्याबद्दल परत काही बोलली नाही.

तरीही मी दुरुस्ती लिहिली नाही.

मामा, हे तुझ्यापुढे सरळ सांगते. फेब्रुवारीत जॅकेटं आली. सहा, निळी, आतून जाड. माझ्या पत्रकामुळेच आली. मला वाटलं, आता मांसाची ओळ खोटी होती असं म्हटलं तर मुदीर म्हणेल, सगळंच पत्रक खोटं होतं, काढा जॅकेटं. थोडं थांबू. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "जॅकेटां गावली मां?"

"मिळाली."

"मगे झाला."

तेव्हा तू धक्क्यावर होतास. ज्या खोलीसाठी जॅकेटं आली, त्या खोलीत तुला आता शिरता येत नव्हतं. तू मार्चमध्ये उन्हात होतास, मेमध्ये होतास, ऑगस्टमध्येही होतास. एकदाही म्हणाला नाहीस की बाय, लिही. मी तुझं न बोलणं परवानगी म्हणून वापरलं. आज मला माहीत आहे की जॅकेटं टिकवण्यासाठी खोटी ओळ लागत नव्हती. खरे पाच परिच्छेद पुरेसे होते. मीच माझ्या खऱ्यावर विश्वास ठेवला नाही.

तू गेलास ते दुपारी, धक्क्यावरच्या सावलीत, पाणी पिऊन बसला असताना. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलं. त्याच्या मागचं कारण काय असेल यावर माझ्या डोक्यात एक वाक्य रोज तयार होतं. ते मी इथे लिहिणार नाही. पुराव्याशिवायचं वाक्य काय करतं, ते मी एकदा पाहिलंय.

तुझ्या खोलीवर मी आणि आई गेलो तेव्हा रहीमभाई तुझी पेटी भरत होते. मी त्यांना म्हटलं, "उस दिन आपने कहा था, ये मज़दूर लोगों का है."

"हाँ, तो? था ही." ते तुझ्या सदऱ्याची घडी घालत राहिले. "आपने आगे पूछा ही नहीं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं, जे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. साल काढून झाली की तू जमिनीवर प्लास्टिक अंथरायचास आणि मांसाचे सारखे वाटे घालायचास, प्रत्येकात थोडी मान, थोडा खांदा, एखादी फासळी. मग कुणालातरी पाठमोरा बसवायचास. तू एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचास, "ये किसका?" आणि पाठमोरा बसलेला न बघता एक नाव घ्यायचा. कोणता वाटा कुणाचा, हे ना तुला ठरवता यायचं ना त्याला. बांगलादेशी, नेपाळी, बिहारी, आपले कोकणातले, झाडूवाला आणि रहीमभाई स्वतः, सगळ्यांची नावं त्यात. "हमने पूछा, भिवाभाई, ये कहाँ का क़ायदा है? बोला, मेरे गाँव का."

समतेवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. तू ती प्लास्टिकवर मांडून दाखवत होतास, दर हिवाळ्यात, माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि मी तिचाच फोटो काढून खाली 'सडकं' असं लिहिलं.

तुझं शव गावी पोचल्यावर मी मामीला फोन केला. तुझ्या घरी मी कधी गेलेली नाही, तरी मामीचा आवाज ओळखीचा वाटला, कारण तू तिची नक्कल करायचास. ती रडत नव्हती. थोडा वेळ प्रवासाचं, कागदांचं बोलणं झालं. मग ती म्हणाली की मागच्या शिमग्यात शेजारच्या एकाने अंगणात बसून सगळ्यांसमोर तिला फोनवरचं वाचून दाखवलं होतं, तुझा घोव थय लोकांका कुजका मटण घालता म्हणून. तिने तुला कधी विचारलं नाही. आता मला विचारलं, "तां खरां काय गो?"

"खोटं, मामी. ते मीच लिहिलं होतं."

मग ती म्हणाली, "माका कित्याक सांगतंस? माका ठावक होता. तेणी जल्मात कधी वायट मटण कोणाक घालूक नाय. लोकांका सांग."

म्हणून सांगते आहे, मामा. उशिरा, पण मोठ्याने आणि माझ्या जबाबदारीवर. ते मांस चांगलं होतं. ते अकरा दिवस नीट टांगलेलं, रोज तपासलेलं, मालकाच्या मांसापेक्षा चार दिवस जास्त जपलेलं मांस होतं. 'सडकं' हा शब्द माझा होता आणि तो खोटा होता. जॅकेटांची मागणी खरी होती आणि आजही खरी आहे. धक्क्यावरच्या माणसांसाठी उन्हाळ्यात सावली आणि विश्रांती ही आता तिच्यापुढची मागणी आहे, आणि ती मी तुझ्या नावाने लावून धरणार आहे. यावेळी प्रत्येक ओळ हात लावून, वास घेऊन लिहीन.

शिकारीवरचं आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं. कुंपणातल्या जनावराला गोळी घालणं मला अजूनही मान्य नाही, आणि तू समोर असतास तर पुन्हा तेच म्हणाले असते. पण 'मारल्यार मगे काय?' या तुझ्या प्रश्नाला मी पळवाट म्हटलं होतं, तेवढं परत घेते. जीव गेल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. तुझ्या बाबतीत तो आता माझ्यासमोर आहे.

सुतळी माझ्याकडे आहे. आई म्हणाली धुऊन ठेव. मी धुतली नाही.

आता तुम्ही, वाचणाऱ्यांनो. तो जुना फोटो तुमच्या फोनमध्ये अजून असेल. उघडा. दोन बोटांनी मोठा करा आणि हुकाच्या उजव्या बाजूला बघा. मांसाला बांधलेली एक सुतळी लोंबते आहे. मला फोटो काढताना ती दिसली नव्हती, तरी कॅमेऱ्यात आली आहे. तिच्यावरच्या गाठी मोजा. मग तो फोटो ज्यांना पाठवला होता त्या प्रत्येकाला हे पाठवा, एकही जण न गाळता.

आणि तुमच्यापैकी कुणी भिवामामाच्या वाडीतलं असेल, तर कृपा करून हे नुसतं पुढे पाठवू नका. मामीला वाचता येत नाही. त्यांच्या घरी जा, अंगणात चार माणसं बसलेली असतील अशी वेळ बघा, आणि हे मोठ्याने वाचून दाखवा.